हेलसिंकी ते टोकियो: अंतर तेच, तास वेगळे

परवा शनिवारी रिकामा वेळ होता म्हणून एक छोटासा प्रोग्राम लिहिला. दोन शहरांचे अक्षांश-रेखांश द्यायचे, हॅवरसाइनच्या सूत्राने अंतर काढायचं आणि ताशी ८५० किलोमीटरने भागायचं. झाला विमानप्रवासाचा वेळ!

हेलसिंकी-टोकियो टाकून पाहिलं. अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर, वेळ साधारण सव्वानऊ तास. वेळापत्रकात मात्र तेरा तासांच्या आसपास. दोनदा कोड तपासला. बग नव्हता. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमधली सर्वात जवळची वाट रशियावरून जाते, आणि माझ्या सूत्राला सरहद्दी माहीतच नव्हत्या!

ही भानगड जुनी आहे. शीतयुद्धात बहुतेक पाश्चात्त्य विमानांना सायबेरियावरून थेट उडता येत नसे. म्हणून १९५७ साली स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन-टोकियो विमान उत्तर ध्रुवाकडून, अलास्कातल्या अँकरेजला थांबवत न्यायला सुरुवात केली. मग एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरचं डीसी-१० हेलसिंकीहून निघालं ते ध्रुवावरून, रशियाला वळसा घालून, कुठेही न थांबता टोकियोला. वेळ? तेरा तास.

एवढा वळसा कशासाठी, असं वाटेल. त्याच वर्षी १ सप्टेंबरला कोरियन एअरलाइन्सचं ००७ हे विमान अँकरेजहून सोलला जाताना वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. पुढच्या तपासात निघालेलं कारण वाचून माझ्या पोटात गोळाच आला. ऑटोपायलट ठरलेल्या मार्गाच्या मोडमध्ये न जाता नुसती दिशा धरून उडत राहिला असावा आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. एक चुकीचा मोड, बस्स! या घटनेनंतर काही दिवसांतच अमेरिकेने जाहीर केलं की जीपीएस तयार झाल्यावर ते नागरी वापरासाठीही खुलं असेल. आज तुमच्या-आमच्या मोबाइलमध्ये आहे ते हेच.

पुढे शीतयुद्ध निवळलं, सायबेरियाची वाट मोकळी झाली आणि हा प्रवास साडेनऊ तासांवर आला. युरोपातून आशियाला जायचा जवळचा रस्ता म्हणून हेलसिंकीने चांगला धंदाही केला. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला. युरोपने रशियन विमानांना आणि रशियाने युरोपच्या विमानांना आपापली हद्द बंद केली. फिनएअर पुन्हा ध्रुवावरून जाऊ लागली. प्रवाशांना त्याची प्रमाणपत्रंही वाटली. विमान एअरबस ए३५०, तंत्रज्ञान चाळीस वर्षं पुढचं, आणि वेळ? पुन्हा तेरा तास!

आपण इंजिनिअर लोक वेगाच्या गोष्टी फार करतो. पण या वाटेवर साडेतीन-चार तास कमी झाले ते इंजिनामुळे नव्हे, परवानगीमुळे. आणि परवानगी गेली तशी तेही गेले.

असो. प्रोग्राम तसाच ठेवलाय. फक्त उत्तराखाली एक ओळ वाढवली: 'शेजाऱ्यांचं भांडण नसल्यास'.