समान मालभाडे आणि असमान रोजगार : भारतीय रेल्वे-दरनीतीतील एक प्रकरण

देशाच्या आर्थिक इतिहासात जकातीच्या दरांना जितके महत्त्व दिले जाते, तितके रेल्वेच्या मालभाड्याला सहसा दिले जात नाही. जकात बंदरावर घेतली जाते व तिच्यासंबंधी कायदेमंडळात वादविवाद होतात. मालभाडे मात्र मालधक्क्यावरील कारकुनाच्या पावतीत दडून राहते. तथापि कारखाना कोठे उभा राहावा, आणि म्हणून काम कोणाच्या दारी यावे व कामाच्या शोधात दार कोणी सोडावे, हे ठरविण्यात मालभाड्याचा वाटा जकातीपेक्षा उणा नाही. या विधानाचे प्रत्यंतर पाहावयाचे असल्यास स्वतंत्र भारतात पोलाद व सिमेंट यांना लागू झालेली समान मालभाड्याची योजना अभ्यासण्याजोगी आहे. या योजनेचा लाभ ज्यांना झाला असे मानले जाते त्यांत महाराष्ट्र अग्रभागी आहे. म्हणून तिचे परीक्षण मराठी वाचकाने तटस्थपणे करणे अधिकच अगत्याचे ठरते.

या योजनेचा हेतू नीट कळण्यासाठी तिच्या पूर्वीची स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली व १८६७ पर्यंत लोहमार्ग नागपुरास पोचला. या मार्गांची आखणी आणि त्यांवरील दर ही दोन्ही बंदरांकडे तोंड करून झालेली होती. 'मालाला जितके भाडे सोसेल तितके घ्यावे' हे रेल्वे कंपन्यांचे सूत्र होते. बंदराकडे जाणारा कच्चा माल व बंदरातून येणारा पक्का माल यांची वाहतूक मोठी, लांब पल्ल्याची व कंपन्यांच्या आपसांतील चढाओढीची असल्यामुळे तिचे दर उतरत गेले. देशांतर्गत एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या मालास मात्र तुलनेने अधिक भाडे पडे. याचा परिणाम असा झाला की, वऱ्हाडचा कापूस वऱ्हाडात कातण्यापेक्षा तो मुंबईस पाठविणे सोयीचे ठरले, आणि नव्या उद्योगांची गर्दी मुंबई, कलकत्ता व मद्रास या बंदरांत झाली. १९१६ ते १९१८ या काळात काम केलेल्या औद्योगिक आयोगाने या दोषावर बोट ठेवले. बंदराकडील वाहतूक व तितक्याच अंतराची अंतर्गत वाहतूक यांना शक्य तितके समान दर असावेत, असा त्याचा अभिप्राय होता. म्हणजे 'समानता' हा शब्द भारतीय दरनीतीच्या चर्चेत प्रथम आला तो अंतर्भागावरील अन्याय दूर करण्यासाठी. पुढे त्याच शब्दाचा अर्थ कसा पालटला हेच आपणांस पाहावयाचे आहे.

प्रतिकूल दरनीतीच्या काळातही कच्च्या मालाजवळ उद्योग उभारण्याची दृष्टी असलेले लोक होते. जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये आपली एम्प्रेस गिरणी मुंबईत न काढता नागपुरास काढली, कारण कापसाचा प्रदेश व कोळसा दोन्ही तेथून जवळ होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये स्थापन झालेल्या लोखंड-पोलाद कंपनीने हाच न्याय लावून साकचीची निवड केली. खनिज, कोळसा व पाणी यांची तेथे सांगड जुळत होती. तेथे १९१२ मध्ये पोलाद निघू लागले. जो कच्चा माल प्रक्रियेत वजनाने घटतो, त्यावरील कारखाना खाणीजवळ असावा, हा विचार जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. पोलादाच्या शेजारी ओतकाम, घडाई, यंत्रे व वाघिणी बनविणारे कारखाने वाढावेत, ही त्यापुढची स्वाभाविक पायरी होती. हावडा व दामोदर खोऱ्यात तशी वाढ काही अंशी झालीही. शेतीवर जगणाऱ्या दाट लोकवस्तीच्या बिहार-ओरिसाला भूमीने दिलेले हे एकच मोठे भांडवल होते.

स्वातंत्र्यानंतर दरनीतीत दोन मोठे बदल झाले. ऑक्टोबर १९४८ पासून मालभाडे साऱ्या प्रवासाच्या एकत्रित अंतरावर व उतरत्या श्रेणीने आकारले जाऊ लागले. अंतर वाढेल तसा दर मैलाचा भार कमी होऊ लागला. कोळशासारख्या जड मालाच्या दूरच्या गिऱ्हाइकास यामुळे पुष्कळ सवलत मिळाली. दुसरा बदल याहून दूरगामी होता. १९५६ पासून पोलाद व सिमेंट देशातील कोणत्याही रेल्वेस्थानकावर एकाच भावाने मिळावे अशी व्यवस्था करण्यात आली. खाणी व पोलादाचे कारखाने देशाच्या एका कोपऱ्यात आहेत, एवढ्यासाठी इतर प्रांतांनी उद्योगांवाचून का राहावे, असा या योजनेमागील प्रश्न होता, आणि तो गैरवाजवी म्हणता येणार नाही.

ही योजना कशी चाले यासंबंधी बराच गैरसमज आढळतो. सरकार आपल्या तिजोरीतून दूरच्या ग्राहकाचे भाडे भरत असे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः सर्व वाहतुकीच्या खर्चाची सरासरी काढून ती मालाच्या किमतीत मिळविली जाई व तिचा एक निधी केला जाई. कल्पनेसाठी सोपे आकडे घेऊ. एका नगाची कारखान्यावरील किंमत १०० रुपये, हावड्यापर्यंतचे भाडे ५ रुपये व मुंबईपर्यंतचे २५ रुपये असून दोन्हीकडे सारखाच माल जातो असे समजा. सरासरी भाडे १५ रुपये होईल व दोन्ही ठिकाणी भाव ११५ रुपये पडेल. याचा अर्थ हावड्याच्या लोहाराने प्रत्येक नगामागे १० रुपये अधिक दिले व ते मुंबईच्या कारखानदारास मिळाले. हा एक कर होता. परंतु त्याचा उल्लेख कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हता, आणि तो बहुतांशी गरीब प्रदेशाकडून संपन्न प्रदेशाकडे वाहत होता.

येथे कोणी म्हणेल की, दहा रुपयांचा फरक गेला म्हणून काय मोठे बिघडले? बिघडले ते असे की, समता एकाच बाजूने आली. मुंबईस बंदर, भांडवल, बँका, वीज व मोठी बाजारपेठ यांचा लाभ होता. त्या लाभांत बिहारला वाटा मिळावा अशी कोणतीही योजना निघाली नाही. मुंबईच्या बाजारातील कापूस, रंग वा रसायने पाटण्यास मुंबईच्याच भावाने मिळावीत, असे ठरले नाही. पूर्वेजवळ असलेला एक लाभ मात्र पुसला गेला. शिवाय पोलाद समभावाने प्रवास करी, पण त्यापासून बनलेले यंत्र आपले पूर्ण भाडे भरी. तेव्हा यंत्राचा कारखाना पोलादाजवळ न काढता गिऱ्हाइकाजवळ काढावा, असाच हिशेब कोणाही शहाण्या उद्योजकाने केला असता.

पुणे-मुंबई पट्ट्यातील अभियांत्रिकी उद्योगांची १९६० नंतरची वाढ या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. जमशेदपुरास १९४५ मध्ये जन्मलेल्या टेल्कोनेही आपला दुसरा मोठा कारखाना याच काळात पुण्यानजीक उभारला. या वाढीचे सारे श्रेय मालभाड्यास देणे हा मात्र अन्याय होईल. ज्यांच्या जवळपास कोळसाही नव्हता व लोहखनिजही नव्हते, अशा औंध संस्थानातील माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हा कोणतीही समान भाड्याची योजना त्यांच्या पाठीशी नव्हती. कौशल्य, उद्यमशीलता व बाजारपेठ यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु अंतराची अडचण सोसून उद्योग काढणे वेगळे आणि ती अडचण दुसऱ्याने सोसावी अशा व्यवस्थेत उद्योग वाढविणे वेगळे, हा भेद इतिहासकाराने विसरता कामा नये.

किंबहुना खुद्द महाराष्ट्रही या योजनेत सर्वस्वी लाभधारक नव्हता. भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ मध्ये सुरू झाला. नागपूर तेथून तीनशे किलोमीटरांच्याही आत आहे. मुंबई नागपूरच्याही पलीकडे आठशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. सामान्य दर असते तर भिलाईच्या पोलादावर नागपूरच्या कारखानदारास मुंबईवाल्यापेक्षा ठळक फायदा मिळाला असता. समान भावाने तो नाहीसा केला. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेले हे शहर राजधानीपद गमावून बसले, त्याच वर्षी त्याच्या भावी औद्योगिक लाभाचाही पाया खचला. विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून सिंचन, रस्ते व वीज यांच्या भाषेत होत आली आहे. मालभाड्याचा हा मुद्दाही तीत यावयास हवा.

आता रोजगाराकडे वळू. पोलादाचा प्रचंड कारखाना भांडवल फार घेतो व त्या मानाने माणसे थोडी घेतो. पुष्कळ हातांना काम मिळते ते त्याच्या भोवतीच्या लहानमोठ्या ओतशाळांत, घडाईच्या व यंत्रांच्या कारखान्यांत. जमशेदपूर, दुर्गापूर, राउरकेला व बोकारो येथे मोठे कारखाने आले, पण त्यांच्या भोवती असे दाट औद्योगिक रान माजावे तसे माजले नाही. पूर्व भारताच्या या ऱ्हासास इतर कारणेही होती. १९४७ च्या फाळणीने बंगालच्या ताग उद्योगाची झालेली ताटातूट, १९६५ नंतरच्या मंदीत रेल्वेने वाघिणींच्या मागण्यांत केलेली कपात आणि कामगार-मालक संघर्ष ही सर्व हिशेबात धरलीच पाहिजेत. परंतु जेथे उद्योग आधीच डळमळीत झाला होता, तेथे त्याचा एक स्वाभाविक आधारही काढून घेतला गेला, हे अमान्य करता येत नाही. याचा शेवट माणसांच्या स्थलांतरात झाला. पोलाद जेथे गेले तेथे त्याच्यामागून मजूर गेला. फरक एवढाच की, पोलादाचे भाडे साऱ्या देशात वाटून घेतले गेले होते. मजुराने आपले तिकीट स्वतःच्या पदरचे पैसे मोडून काढले, आणि घरदार मागे ठेवण्याची किंमत तर कोणत्याच निधीने भरून दिली नाही.

या योजनेवर टीका अर्थातच झाली. बी. डी. पांडे यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय वाहतूक धोरण समितीने १९८० मध्ये ती आवरती घ्यावी असा अभिप्राय दिला. चुनखडी पुष्कळ ठिकाणी मिळत असताना सिमेंटसारखा जड माल देशभर उलटसुलट नेण्यास उत्तेजन देणे ही उधळपट्टी होती. सिमेंटवरील उरलेले नियंत्रण १९८९ मध्ये उठले व पोलादाच्या बाबतीत १९९२ च्या आरंभी योजना मोडीत निघू लागली. जॉन फर्थ व अर्नेस्ट लिऊ या संशोधकांनी अलीकडे केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, योजनेमुळे पोलाद वापरणारे उद्योग पूर्वेकडून हळूहळू दूर सरकले. तसेच ती रद्द झाल्यावर ते काही अंशी परतही फिरले. हा दुसरा निष्कर्ष विशेष विचारार्ह आहे. जे घडले ते पूर्वेच्या लोकांच्या अंगच्या उणिवेमुळे अटळपणे घडले, ही समजूत त्याने खोटी ठरते. पण परत फिरणारा उद्योग मधल्या पस्तीस वर्षांत काम न मिळालेल्या पिढीस ते काम देऊ शकत नाही, हेही तितकेच खरे.

परकीय अमदानीत दर असमान होते म्हणून अंतर्भाग मागे पडला, आणि स्वराज्यात दर समान केले म्हणून पुन्हा अंतर्भागच मागे पडला, हा या प्रकरणातील विरोधाभास केवळ वरवरचा आहे. दोन्ही वेळी दर ठरविताना माल किती स्वस्त पोचेल एवढाच विचार झाला. काम कोठे निर्माण होईल व कोठून नाहीसे होईल हा विचार झाला नाही. मागास प्रदेशास साहाय्य करावयाचे तर ते उघडपणे, अंदाजपत्रकात नोंदवून व ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून घेऊन करावे; ते दराच्या पोटात लपविले की, देणारा कोण व घेणारा कोण हे कोणास कळत नाही, आणि पुष्कळदा गरिबाच्या खिशातून श्रीमंताचे भाडे भरले जाते. महाराष्ट्राच्या औद्योगिक उत्कर्षाचा इतिहास लिहिताना येथील कर्तृत्वाची नोंद करावी, तशीच दामोदर खोऱ्याकडून व विदर्भाकडून नकळत घेतलेल्या या देण्याचीही करावी. त्यावाचून तो इतिहास पुरा होणार नाही.