नर की मादी? गिंकोच्या कलमाची कुळकथा

अकराव्या शतकात, सोंग घराण्याच्या काळात, यांगत्सेच्या दक्षिणेकडून गिंकोच्या बिया तांबड्या पिशव्यांत भरून कायफंगच्या दरबारी नजराणा म्हणून येत. राजाच्या एका जावयाने थेट झाडच आणवून आपल्या वाड्यात लावलं. पहिल्या बहराला जेमतेम तीन-चार बिया धरल्या. त्या सोन्याच्या डबीतून सम्राटापुढे गेल्या. कवी ओउयांग शिऊने हे कवितेत नोंदवून ठेवलं आहे. रानात गिंको चीनच्या मोजक्या डोंगरांतच तगला. बाकी सगळीकडे तो माणसाच्या हातून पसरला, आणि तोही आधी बियांसाठी.

लावणाऱ्याची पंचाईत वेगळीच होती. पपईसारखीच गिंकोची नर आणि मादी झाडं निराळी. पपई वर्षभरात फुलून आपली जात सांगून टाकते. बियांपासून वाढवलेला गिंको मात्र वीस-पंचवीस वर्षं ताकास तूर लागू देत नाही. आजोबाने लावायचं आणि नातवाने खायचं, असं हे झाड.

मग तोडगे निघाले. १५९६ साली छापून आलेल्या ली शिझनच्या औषधीग्रंथात ते दिले आहेत. बीला तीन धारा असतील तर नर, दोन असतील तर मादी. दोन्ही झाडं समोरासमोर लावावीत. नर नसेल तर मादी पाण्याकाठी लावावी. नाहीतर तिच्या खोडाला भोक पाडून नराच्या लाकडाचा तुकडा बसवावा आणि वरून चिखल लिंपावा. धारांचा हिशोब खोटा, चिखलाचाही. पण नर नजरेच्या टप्प्यात हवा, हे मात्र खरं. नराचे परागकण वाऱ्यावर येतात. पुढचं कोडं १८९६ साली टोकियोत हिरासे साकुगोरो याने उलगडलं : परागकणातून निघालेल्या शुक्रपेशी बीजांडात चक्क पोहत जातात.

युरोपला या झाडाची ओळख करून दिली एंगेलबर्ट केंफरने. नागासाकीच्या डच वखारीतला हा जर्मन डॉक्टर. त्याचं पुस्तक १७१२ साली निघालं. तिकडे झाडं वाढली, पण बी धरेना. अखेर १८१४ साली जिनिव्हाजवळ एक मादी झाड सापडलं. तिच्या फांद्यांची कलमं मोंपेलिएच्या नर झाडावर बांधली, तेव्हा कुठे १८३५च्या सुमारास तिथे बी दिसलं.

घरी गिंको लावणाऱ्याचा भरवसा आजही कलमावरच. बी रुजवायचं तर हातमोजे घालून वरचा गर धुवायचा, ओल्या वाळूत काही आठवडे थंडीत ठेवायचं आणि वसंतात पेरायचं. पण रोप नर की मादी, हे नशिबावर. त्या गराला खवट लोण्याचा उग्र दर्प येतो, म्हणून शहरातली गिऱ्हाइकं नराचंच कलम मागतात. चीनमध्ये जिआंग्सू प्रांतातल्या ताइशिंगच्या बागायतदारांना मात्र कलम हवं असतं ते मादीचं. त्यांचं पोट बियांवर चालतं.