महाविद्यालयीन फुटबॉलचे व्हिडिओ गेम : सिम्युलेटेड सामन्यांचे निकाल

अमेरिकन फुटबॉलच्या महाविद्यालयीन स्पर्धांवर बेतलेल्या व्हिडिओ गेममध्ये जे सामने खेळणारा स्वतः कंट्रोलर हाती घेऊन खेळत नाही, ज्यांचा निकाल संगणकानेच परस्पर हिशेब करून जाहीर करावयाचा असतो, त्यांस सिम्युलेटेड सामने, आणि खेळणाऱ्यांच्या नित्याच्या बोलीत ‘सिम केलेले’ सामने, असे म्हणतात. संघांच्या बलाबलाची आकड्यांत मांडलेली नोंद, त्या नोंदीचे सामन्यातील घटनांत रूपांतर करणारे गणित आणि त्या गणितात बुद्धिपुरस्सर राखून ठेवलेली यदृच्छेची जागा यांच्या संयोगातून हे निकाल निपजतात. यांपैकी यदृच्छेचा भाग खेळणाऱ्यांच्या तक्रारींत दोष म्हणून गणला जातो. परंतु हा खेळ ज्या मूळ खेळाची प्रतिकृती आहे त्याच्या स्वभावाशी तो भागच सर्वाधिक प्रामाणिक आहे, असे प्रस्तुत नोंदीत दिसून येईल.

या प्रकारच्या हिशेबाची परंपरा संगणकापेक्षा जुनी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘बोल बाउंड’ नावाचा एक पटावरचा खेळ प्रचारात होता. त्यात गाजलेल्या महाविद्यालयीन संघांपैकी प्रत्येकाचा स्वतंत्र तक्ता असे, आणि फासे टाकून त्या तक्त्यातील रकाना वाचला की चाल किती यार्ड गेली हे ठरे. हे तक्ते सिद्ध करण्यात ज्यांचा प्रमुख वाटा होता ते टॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक; पुढे १९९४ मध्ये इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपमधील भागाकाराचा दोष उघडकीस आणणारे गृहस्थ ते हेच. चांगल्या संघाच्या तक्त्यात लाभाचे रकाने अधिक आणि दुर्बळ संघाच्या तक्त्यात कमी, एवढ्या साध्या तजविजीत आजच्या सिम्युलेशनचे सारे बीज आहे. आपल्याकडे शाळेच्या बाकावर पुस्तकाचे पान उघडून खेळल्या जाणाऱ्या बुक क्रिकेटशी त्याची तुलना केली असता भेद तत्काळ ध्यानी येतो: तेथे सारे पानाच्या शेवटच्या अंकावर, आणि फलंदाज कोण याला काडीचे मोल नाही, येथे मात्र फासा एकच असला तरी तो कोणाच्या तक्त्यावर पडला याला अर्थ आहे.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने १९९३ मध्ये ‘बिल वॉल्श कॉलेज फुटबॉल’ हा गेम काढला आणि त्यातून जी मालिका वाढली ती ‘एनसीएए फुटबॉल’ या नावाने जुलै २०१३ मधील ‘एनसीएए फुटबॉल १४’ पर्यंत चालली. विद्यार्थी-खेळाडूंच्या प्रतिमेचा मोबदला त्यांना न देता वापर होतो, या सबबीवर २००९ मध्ये एड ओबॅनन या माजी बास्केटबॉलपटूने आणि सॅम केलर या माजी क्वार्टरबॅकने दाखल केलेल्या दाव्यांपायी ही मालिका बंद पडली. २०२१ मध्ये नियम बदलून खेळाडूंना आपल्या नावाचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली, आणि १९ जुलै २०२४ रोजी ‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५’ हा गेम १३४ संघांसह बाजारात आला. जुन्या गेममध्ये खेळाडूंना नावे नसत, केवळ जागा आणि जर्सीचा क्रमांक असे. तथापि त्या निनावी क्रमांकांमागेही वेग, बळ, फेकीची अचूकता इत्यादी गुणांचे आकडे भरलेले असत, आणि निकाल त्या आकड्यांवरच ठरे.

सिम्युलेशनची गरज मुख्यतः ‘डायनॅस्टी’ या प्रकारात भासते. तेथे खेळणारा एका विद्यापीठाचा प्रशिक्षक होऊन वर्षानुवर्षे संघ चालवतो. त्याचे स्वतःचे नियमित सामने मोसमात १२, परंतु उरलेल्या संघांचे मिळून आठशेहून अधिक सामने त्याच मोसमात उरकावे लागतात, कारण क्रमवारी, मोसमाअखेरच्या ‘बोल’ सामन्यांची निमंत्रणे, सर्वोत्कृष्ट खेळाडूचे हाइजमन पारितोषिक आणि अजिंक्यपद यांचा निवाडा त्या सगळ्यांच्या निकालांवर अवलंबून असतो. पडद्यावर दिसणाऱ्या सामन्यात बावीस खेळाडूंची धाव, टक्कर आणि चेंडूचा मार्ग क्षणाक्षणाला मोजला जातो; एका आठवड्याचे साठ-सत्तर सामने त्या रीतीने काही सेकंदांत मोजणे घरच्या यंत्राला परवडणारे नाही. म्हणून न दिसणाऱ्या सामन्यांसाठी वेगळे, संक्षिप्त गणित योजावे लागते. एकाच गेमच्या पोटात दोन निराळी यंत्रे नांदतात, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे खेळणाऱ्यांना पडणाऱ्या निम्म्या कोड्यांचा उलगडा होतो.

संक्षिप्त गणिताचा पहिला आधार म्हणजे गुणांकन. प्रत्येक खेळाडूच्या निरनिराळ्या गुणांना ९९ पर्यंतचे आकडे दिलेले असतात आणि त्यांच्या भारित सरासरीतून त्याचा एकंदर गुणांक, म्हणजे ‘ओव्हरऑल’, निघतो. हा भार जागेगणिक बदलतो, क्वार्टरबॅकच्या बाबतीत फेकीला आणि प्रसंगावधानाला, कडेच्या बचावपटूच्या बाबतीत वेगाला आणि माणसाला चिकटून राहण्याच्या कसबाला. अशा खेळाडूंच्या बेरजेतून आक्रमण, बचाव आणि समग्र संघ यांचे गुणांक सिद्ध होतात. येथे ‘अवेअरनेस’, म्हणजे प्रसंगावधान, या गुणाकडे विशेष लक्ष वेधले पाहिजे. खेळाडू मनुष्याच्या हाती असतो तेव्हा निर्णय मनुष्यच घेतो, सबब हा गुण बव्हंशी निष्प्रभ ठरतो आणि कोवळा पण वाऱ्यासारखा धावणारा पहिल्या वर्षाचा क्वार्टरबॅक अनुभवी चौथ्या वर्षाच्या क्वार्टरबॅकपेक्षा अधिक कामाचा वाटतो. तोच सामना सिम केला की तोल फिरतो, कारण संगणकाच्या वहीत प्रसंगावधानाचा जमाखर्च पूर्ण धरलेला असतो. ऑप्शन चालीवर हात बसलेला एखादा खेळणारा सामान्य संघ घेऊन ११ सामने जिंकतो आणि बारावा सिम करून हरतो, तेव्हा अन्याय झालेला नसतो. त्या संघाच्या नोंदीत नसलेली एकमेव वस्तू, म्हणजे त्याचे स्वतःचे कौशल्य, त्या दिवशी मैदानात उतरलेली नसते.

या गुणांकांपासून धावफलकापर्यंत जाण्याचे मार्ग अनेक आहेत. सर्वांत ढोबळ मार्गात दोन संघांमधील तफावतीवरून गुणांचा अपेक्षित फरक काढतात, त्यात यादृच्छिक भर किंवा घट करतात, आणि निकाल ठरल्यानंतर खेळाडूंची आकडेवारी त्याला जुळेल अशी वाटून देतात. दुसऱ्या मार्गात चेंडूचा प्रत्येक ताबा हे मोजणीचे एकक धरतात. सर्वांत सूक्ष्म मार्ग म्हणजे चालीमागून चाल मोजण्याचा, आणि त्याचे एक उदाहरण जवळून पाहणे उपयुक्त ठरेल. समजा, यजमान संघाचा डाव स्वतःच्या २५ यार्डांच्या रेषेवरून सुरू झाला आहे, आवश्यक दहा यार्डांपैकी दोन चालींत तीनच मिळाले आहेत आणि तिसऱ्या चालीत सात यार्ड हवे आहेत. गणित प्रथम प्रशिक्षकाचा कल पाहून फेक की धाव हे ठरवील. फेक ठरल्यास बचावाच्या मुसंडीचा गुणांक आणि आक्रमणाच्या रांगेचा गुणांक समोरासमोर ठेवून क्वार्टरबॅक तत्पूर्वीच पाडला जातो काय हे पाहील. तो वाचला तर फेकीची अचूकता, झेलणाऱ्याचे हात आणि बचावपटूचा पिच्छा यांवरून, उदाहरणार्थ, ०.५८ ही यशाची शक्यता काढील. मग शून्य आणि एक यांच्या दरम्यानचा एक आकडा उचलील. तो ०.४१ आला तर झेल पूर्ण, ०.७३ आला तर चेंडू जमिनीवर, आणि ०.९८ सारखा टोकाचा आला तर कदाचित बचावपटूच्या हाती. एका सामन्यात अशा सव्वाशे-दीडशे चाली होतात. बलवान संघाला प्रत्येक चालीत मिळणारा लाभ अल्प असला तरी त्या सर्वांच्या बेरजेत तो ठळक होतो. मात्र चेंडू निसटणे आणि अडवला जाणे या मोजक्या घटना एकेका सामन्यात कोठे पडतील याचा नेम नसतो; म्हणून संपूर्ण मोसमाची बेरीज सुसंगत येते, एखाद्या सामन्याची मात्र येत नाही.

यदृच्छेला किती जागा द्यावी, हा रचनाकारापुढचा खरा प्रश्न होय. संख्याशास्त्रज्ञ हॅल स्टर्न यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात व्यावसायिक फुटबॉलच्या सामन्यांची पाहणी करून असे दाखवले, की सट्टेबाजाराने वर्तवलेला गुणांचा फरक आणि प्रत्यक्ष फरक यांतील अंतराचे प्रमाण विचलन १३.८६ गुण इतके असते. म्हणजे सात गुणांनी सरस मानलेला संघ शंभरांतून सुमारे ६९ वेळा जिंकतो, आणि चौदा गुणांनी सरस मानलेला सुमारे ८४ वेळा. महाविद्यालयीन खेळात हे विचलन याहून काहीसे अधिकच भरते. आता ज्या संघाला आपला प्रत्येक सामना जिंकण्याची शंभरांत ९० शक्यता आहे, असा अतिशय बलाढ्य संघ घेतला तरी बाराही सामने जिंकण्याची त्याची शक्यता शंभरांत केवळ २८ येते. म्हणून गुणांकाने पहिल्या असलेल्या संघाने वर्षाकाठी एखादा सामना गमावणे हा गणिताचा बिघाड समजण्याचे कारण नाही. तो प्रतिवर्षी अपराजित राहू लागला तर मात्र गणित तपासून पाहिले पाहिजे.

इतिहासाचा दाखलाही हेच सांगतो. १ सप्टेंबर २००७ रोजी अॅपलॅचियन स्टेट या दुय्यम विभागातील (एफसीएस) संघाने पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ३४–३२ असे हरवले. त्याच मोसमात ४१ गुणांनी मागे धरलेल्या स्टॅनफर्डने सदर्न कॅलिफोर्नियाला २४–२३ असे नमवले. आणि त्या वर्षीचे अजिंक्यपद लुइझियाना स्टेटने दोन पराभव पदरात घेऊन पटकावले, तेही दोन्ही तिसऱ्या जादा डावात झालेले. हा मोसम कोणा गेमने सिम करून दाखवला असता तर खेळणाऱ्यांनी तो निश्चितच अविश्वसनीय ठरवला असता. अॅपलॅचियन स्टेटसारखा प्रसंग तर गेममध्ये आणखी विचित्र दिसतो, कारण त्या विभागातील खऱ्या संघांऐवजी तेथे ‘एफसीएस ईस्ट’, ‘एफसीएस वेस्ट’ असे दिशांच्या नावांचे संघ घातलेले असतात, आणि इतिहास घडवणाऱ्या विजेत्याला स्वतःचे नाव राहत नाही.

गुणांक आणि यदृच्छा यांच्या जोडीस दुय्यम घटक येतात. दुखापती आणि राखीव खेळाडूंचा दर्जा यांचा परिणाम मोसमाच्या उत्तरार्धात वाढतो. मैदानाच्या लाभाचा गाजावाजा फार होतो, टेक्सस ए अँड एमचे काइल फील्ड हे मैदान ‘कॉलेज फुटबॉल २५’ च्या खडतर मैदानांच्या यादीत पहिले आहे हेही खरे. परंतु प्रेक्षकांच्या गोंगाटाने चालींच्या रेषा थरथरणे वगैरे परिणाम हाताने खेळल्या जाणाऱ्या सामन्यासाठी असतात, आणि सिमच्या हिशेबात मैदानाचा लाभ फार तर यजमानाच्या पारड्यात टाकलेल्या थोड्या वजनाइतका उरतो.

एका सामन्याच्या सूत्रापेक्षाही अधिक निर्णायक असे एक चक्र डायनॅस्टीत फिरत असते, आणि त्याची चर्चा दुर्दैवाने कमी होते. विजयाने विद्यापीठाची प्रतिष्ठा वाढते (जुन्या मालिकेत ती एकापासून सहा ताऱ्यांपर्यंत मोजली जाई), प्रतिष्ठेने उत्तम शालेय खेळाडू ओढले जातात, त्यांच्यामुळे गुणांक वाढतात आणि गुणांकांनी पुन्हा विजय मिळतात. हे चक्र मोकाट सोडले तर दहा-पंधरा मोसमांत मोजकी विद्यापीठे सारे बळ आपल्याकडे गोळा करतात आणि उरलेल्यांचे निकाल आधीच सांगता येतात. अतिशय आवळले तर अलाबामासारखे मातब्बर विद्यापीठ आणि एखादे नवखे विद्यापीठ यांत भेद उरत नाही. पदवी घेऊन बाहेर पडणारे खेळाडू, व्यावसायिक संघांकडे लवकर जाणारे खेळाडू आणि नव्या गेममधील विद्यापीठ बदलण्याची मुभा, म्हणजे ‘ट्रान्सफर पोर्टल’, हे त्या चक्राला बसणारे लगाम होत. पंधराव्या मोसमातील एखादा धक्कादायक निकाल पाहून सामन्याच्या गणिताला दूषण देण्याआधी त्या दोन संघांच्या मागील चार वर्षांच्या भरतीची यादी चाळावी. त्या निकालाचे खरे कारण तेथेच सापडण्याचा संभव मोठा.

गेम आपल्याच संघाशी दुजाभाव करतो, ही भावना खेळणाऱ्यांमध्ये सार्वत्रिक आहे. स्वतःचा पराभव स्मरणात राहतो आणि शेकडो परक्या सामन्यांतील तशीच उलथापालथ नजरेआड होते, हे तिचे एक कारण. दुसरे असे, की हाताने खेळताना लागलेली विजयाची सवय सिमच्या निकालाकडूनही अपेक्षिली जाते. ज्याला निकालावर थोडाफार ताबा हवा असेल त्याच्यासाठी ‘सुपरसिम’ ही सोय आहे. तीत सामना भरभर पुढे सरकतो आणि हवा तेव्हा मध्येच तो हाती घेता येतो. जतन केलेली नोंद पुन्हा उघडून तोच सामना मनासारखा निकाल येईतो सिम करण्याचा प्रघातही आहे. त्याने एक पराभव पुसला जातो, परंतु शंभरांत २८ असलेली शक्यता खेळणारा स्वतःच्या हाताने शंभर करतो, आणि मग त्या मोसमाच्या अजिंक्यपदात सांगण्यासारखे काही उरत नाही. सिम करू इच्छिणाऱ्याने खेळाडूंचा क्रम व दुखापतींची यादी आधी तपासावी, पहिल्या फळीत अनुभवी खेळाडूंना जागा द्यावी, प्रशिक्षकाचा कल संघाच्या बळाशी जुळवून घ्यावा, आणि त्यानंतर जो निकाल प्रथम येईल तोच दफ्तरी कायम ठेवावा.