कॅनडातील वैवाहिक प्रायोजकत्व अपील

कॅनडातील वैवाहिक प्रायोजकत्व अपील ही परदेशस्थ पती किंवा पत्नीचा कायमस्वरूपी निवासाचा अर्ज नाकारला गेल्यास त्या निर्णयास आव्हान देण्याची कायदेशीर प्रक्रिया आहे. हे अपील इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्ड या न्यायाधिकरणाच्या आप्रवासन अपील विभागापुढे चालते. अपिलाचा हक्क प्रायोजकास, म्हणजे कॅनडाचा नागरिक किंवा कायमस्वरूपी रहिवासी असलेल्या जोडीदारास असतो. व्हिसासाठी अर्ज करणाऱ्या जोडीदारास नसतो. विवाहाविना सहजीवन जगणाऱ्या जोडीदारांनाही ही प्रक्रिया लागू आहे. २००१ साली संमत झालेला आणि २८ जून २००२ पासून अमलात आलेला आप्रवासन व निर्वासित संरक्षण अधिनियम हा तिचा मूळ आधार होय.

अपिलाचा हक्क

अधिनियमाच्या कलम ६३(१) नुसार, कुटुंब वर्गातून केलेल्या अर्जावर कायमस्वरूपी निवासाचा व्हिसा नाकारला गेल्यास प्रायोजक अपील करू शकतो. कॅनडात एकत्र राहणाऱ्या जोडप्यांसाठी ‘कॅनडातील जोडीदार’ असा स्वतंत्र वर्ग आहे. त्या वर्गातील अर्ज नाकारला गेल्यास मात्र या विभागाकडे अपील करता येत नाही. केवळ फेडरल कोर्टाकडे न्यायिक पुनरावलोकनाची परवानगी मागता येते. कॅनडात राहणाऱ्या जोडप्यासही कुटुंब वर्गातून अर्ज करता येत असल्याने, अर्ज भरताना केलेली वर्गाची निवड पुढे अपिलाचा हक्क ठरवते.

प्रायोजक अपात्र ठरल्यास अर्ज मागे घ्यावा की पुढे चालवावा, हा पर्याय अर्ज भरतानाच निवडावा लागतो. अर्ज मागे घेण्याचा पर्याय निवडलेला असल्यास नकाराचा निर्णय होत नाही आणि अपिलाचा प्रश्नही उरत नाही.

कलम ६४ नुसार, सुरक्षेस धोका, मानवी हक्कांचे उल्लंघन, गंभीर गुन्हेगारी किंवा संघटित गुन्हेगारी या कारणांवरून जोडीदार प्रवेशास अपात्र ठरला असल्यास अपील करता येत नाही. खोटी माहिती दिल्याच्या कारणावरून इतर नातेवाइकांच्या बाबतीत अपील बंद होते. पती, पत्नी, सहजीवनातील जोडीदार व अपत्य यांच्या बाबतीत ते खुले राहते.

नकाराची कारणे

आप्रवासन नियमावलीतील नियम ४(१) हे नकाराचे एक प्रमुख कारण आहे. विवाह मुख्यतः आप्रवासनाचा लाभ मिळवण्यासाठी केलेला असल्यास, किंवा तो खरा नसल्यास, अर्जदारास जोडीदार मानले जात नाही. ३० सप्टेंबर २०१० पूर्वी नकारासाठी या दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या. त्या दिवशीच्या दुरुस्तीनंतर एकही पुरेशी ठरते. पहिल्या कसोटीत विवाहसमयीचा हेतू पाहिला जातो, तर दुसरीत संबंधाची सद्यःस्थिती.

इतर कारणांत पुढील बाबी येतात :

• प्रायोजक अपंगत्वाव्यतिरिक्त अन्य कारणाने शासकीय सामाजिक साहाय्य घेत असणे;
• पूर्वीच्या प्रायोजकत्वातील हमीचा भंग;
• प्रायोजक स्वतः जोडीदार म्हणून प्रायोजित होऊन कायमस्वरूपी रहिवासी झाल्यास, त्यास पाच वर्षे पूर्ण झालेली नसणे;
• प्रायोजकाने स्वतःच्या मूळ अर्जात या जोडीदाराचा उल्लेख न करणे;
• जोडीदाराचे वय १८ वर्षांपेक्षा कमी असणे;
• विवाहविधीस एक पक्ष प्रत्यक्ष उपस्थित नसणे.

पती-पत्नीच्या प्रायोजकत्वास सामान्यतः किमान उत्पन्नाची अट नसते.

प्रक्रिया

नकारपत्र मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत अपिलाची सूचना विभागाकडे दाखल करावी लागते. त्यानंतर व्हिसा अधिकाऱ्याची टिपणे व मूळ कागदपत्रे असलेला अभिलेख प्रायोजकास मिळतो. नकारपत्रातील मजकूर अनेकदा त्रोटक असतो. अधिकाऱ्याच्या शंका नेमक्या कोणत्या होत्या, हे या टिपणांवरून कळते. काही प्रकरणे पूर्ण सुनावणीपूर्वीच तडजोडीच्या बैठकीत मिटतात.

अपिलाची सुनावणी नव्याने होते. विभाग केवळ अधिकाऱ्याच्या निर्णयातील चुका तपासत नाही, तर नकारानंतरच्या घडामोडींसह नवा पुरावाही विचारात घेतो. सिद्धतेचा भार प्रायोजकावर असतो. दोघांच्या साक्षी सामान्यतः स्वतंत्रपणे होतात. परदेशातील जोडीदार दूरध्वनी किंवा व्हिडिओद्वारे साक्ष देतो. दुभाष्याची सोय विभाग विनामूल्य करतो.

पुरावा

विभाग पुढील बाबींचा एकत्रित विचार करतो : ओळख कशी झाली, विवाह कसा ठरला, एकत्र घालवलेला काळ, विवाहानंतरचा संपर्क व भेटी, आर्थिक सहभाग, परस्परांच्या पूर्वायुष्याची व कुटुंबाची माहिती, आणि भविष्याच्या योजना. साक्षींमधील किरकोळ विसंगती निर्णायक नसते. विवाह कसा ठरला किंवा पूर्वीचा घटस्फोट यांसारख्या मूलभूत बाबींतील विसंगती मात्र घातक ठरते.

भारतातील ठरवून झालेल्या विवाहांत लग्नापूर्वीचा सहवास अल्प असतो. असा विवाह त्याच्या सामाजिक रूढींच्या संदर्भात तपासणे अपेक्षित असते. तथापि त्या रूढींपासूनची फारकत, उदाहरणार्थ घाईने उरकलेला किंवा जवळच्या नातेवाइकांच्या अनुपस्थितीतील विवाह, समाधानकारकपणे स्पष्ट करावी लागते. महाराष्ट्रातील जोडप्यांच्या बाबतीत विवाह नोंदणी प्रमाणपत्र, लग्नपत्रिका आणि साखरपुड्याची व लग्नाची छायाचित्रे उपयोगी पडतात. मराठी कागदपत्रांसोबत इंग्रजी किंवा फ्रेंच अनुवाद जोडणे आवश्यक असते.

निर्णय

कलम ६७ नुसार अपील तीन कारणांवर मंजूर होऊ शकते : मूळ निर्णय कायद्याच्या किंवा वस्तुस्थितीच्या दृष्टीने चुकीचा असणे, नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाचे पालन न होणे, किंवा बालकाचे हित लक्षात घेता पुरेशी मानवतावादी व अनुकंपेची कारणे असणे.

तिसऱ्या कारणास कलम ६५ ची महत्त्वाची मर्यादा आहे. अर्जदार कुटुंब वर्गात मोडतो, हे आधी सिद्ध झाल्याशिवाय अनुकंपेचा विचार करता येत नाही. त्यामुळे विवाहच खरा मानला गेला नाही, तर विरहाचे दुःख किंवा मुलाचे हित यांच्या आधारे अपील मंजूर होत नाही. जोडप्यास झालेले मूल हा विवाह खरा असल्याचा सबळ पुरावा मानला जातो, परंतु तोही निर्विवाद नव्हे.

अपील मंजूर झाले म्हणजे व्हिसा मिळाला, असे नाही. प्रकरण व्हिसा कार्यालयाकडे परत जाते आणि विवाहाविषयीचा निष्कर्ष अधिकाऱ्यावर बंधनकारक असतो. वैद्यकीय, गुन्हेगारी व सुरक्षाविषयक तपासणी मात्र पूर्ण व्हावी लागते.

अपील फेटाळल्यानंतरचे पर्याय

अपील फेटाळले गेल्यास १५ दिवसांच्या आत फेडरल कोर्टाकडे न्यायिक पुनरावलोकनाच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो. न्यायालय नवा पुरावा सामान्यतः स्वीकारत नाही. निर्णय वाजवी होता का आणि प्रक्रिया न्याय्य होती का, एवढेच पाहते. आव्हान यशस्वी झाल्यास प्रकरण फेरविचारासाठी विभागाकडे परत पाठवले जाते. नवा प्रायोजकत्व अर्ज करण्याचा मार्गही खुला असतो. मात्र त्याच वस्तुस्थितीवर पुन्हा अपील केल्यास पूर्वनिर्णित वादाचे तत्त्व आड येऊ शकते. त्यामुळे नव्या अर्जासोबत पूर्वी उपलब्ध नसलेला निर्णायक पुरावा देणे महत्त्वाचे ठरते.

हे सुद्धा पहा

• कॅनडाचे नागरिकत्व
• न्यायिक पुनरावलोकन
• हिंदू विवाह कायदा, १९५५