दूरस्थ दुःख आणि त्याचा पत्ता : आवाहनाच्या इतिहासाविषयी काही विचार

वर्गणीची आवाहने, दुष्काळनिधीची पत्रके, मदतफेऱ्यांसाठी रचलेले पोवाडे या लेखनाकडे मराठी समीक्षेने प्रासंगिक म्हणून पाहिले आणि बहुधा ते इतिहासकारांच्या हवाली केले. वस्तुतः हे लेखन एका अवघड वाङ्मयीन प्रश्नाशी झुंजत असते. ज्याने ते दुःख पाहिलेले नाही आणि ज्याच्यावर त्याचा काहीही परिणाम होणार नाही, अशा वाचकाला त्यात गुंतवायचे कसे, आणि गुंतवल्यावर त्याच्याकडून काही घडवून आणायचे कसे? समाजमाध्यमांवर एखादे छायाचित्र वा घोषवाक्य काही तासांत कोट्यवधी पडद्यांवर पोहोचते, तेव्हा दूरच्या संकटाच्या निवारणास त्याचा उपयोग होतो काय, असा वाद हल्ली वारंवार रंगतो. या वादात माध्यमाच्या नवेपणावर इतका भर दिला जातो की आवाहनाच्या रचनेकडे दुर्लक्ष होते. ही रचना जुनी आहे, आणि तिचे एक लख्ख उदाहरण मराठी मुलखाशी निगडित आहे.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर व्यापक आक्रमण केले. चिनी आठव्या पथसेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा येथे सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने चीनविषयी सहानुभूतीचा ठराव केला व जपानी मालावर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. त्यानंतर देशभर ‘चीन दिन’ पाळण्यात आला आणि जुलैच्या आरंभी निधी गोळा झाला. जमलेली रक्कम सुमारे २२,००० रुपये होती. तीमधून पाच डॉक्टरांचे एक पथक सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघाले. अलाहाबादचे मदन अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस असे ते पाचजण होते.

चीनमधील संहाराच्या मानाने पाच डॉक्टर म्हणजे काय? युद्ध त्यांच्यामुळे थांबले नाही, एक दिवसानेही आखडले नाही. दूरच्या सहानुभूतीने संकट ‘सुटावे’ हीच कसोटी लावायची, तर चीन दिन सपशेल फसला असे म्हणावे लागेल. परंतु त्या आवाहनाची बांधणी नीट पाहिली पाहिजे. मागणी पीडितांच्या बाजूने आली होती आणि ती नेमकी होती : डॉक्टर, शस्त्रक्रियेची साधने, औषधे. ती ज्यांच्याकडे आली त्यांच्यापाशी गावोगाव शाखा असलेली संघटना होती. वर्गणी देणाऱ्याला आपला रुपया कोठे जाणार हे ठाऊक होते, आणि तो रुपया शेवटी ज्या माणसांत रूपांतरित झाला त्यांना नावे होती. भावना, पैसा, माणूस आणि रणांगणावरील जखमी, या साखळीतील कोणताही दुवा कल्पित नव्हता.

कोटणिसांचे पुढचे आयुष्य या साखळीच्याही पलीकडे जाते. इतर चौघे टप्प्याटप्प्याने परतले, कोटणीस राहिले. ते चिनी भाषा शिकले, नॉर्मन बेथ्यून यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, को छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. चिनी लोक त्यांना ‘ख तीहुआ’ म्हणत. या नावातील शेवटचे अक्षर चीनचे वाचक आहे, आणि पथकातील पाचही जणांनी ते आपापल्या नावापुढे लावले होते. दूरत्व ओलांडण्याचा हा मार्ग प्रतिमेचा नव्हे, भाषेचा आहे. त्यात गेलेला माणूस बदलतो, आणि बदलतो म्हणूनच पोहोचतो.

याच आयुष्याची प्रतिमा झाली तेव्हा मात्र वेगळे घडले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकाच्या आधारे व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि नायकाची भूमिका स्वतः केली. या चित्रपटात नायक एका भयंकर साथीवर विजय मिळवतो आणि अखेर त्याच रोगाला बळी पडतो. अपस्माराचा झटका हा मृत्यू कथेच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. त्याला ना शत्रू, ना हेतू, ना हौतात्म्य. अतिश्रम, अपुरे अन्न, डोंगरातील थंडी आणि आधीपासून जडलेला आजार या सर्वांचा तो गुंता होता. साथीमुळे येणारा मृत्यू मात्र देखणा असतो. ज्याच्याशी झुंजला त्यानेच मारले, असे वर्तुळ पूर्ण होते आणि प्रेक्षक डोळे पुसून घरी जाऊ शकतो. चित्रपटाला दोष देण्यात हशील नाही, त्याचे काम वेगळे होते. तरी १९३८ चे आवाहन आणि १९४६ चा चित्रपट यांत एकाच माणसाच्या दोन संहिता आहेत, आणि त्यांतील पहिली वाचकाला अपुरी ठेवते, तर दुसरी त्याला तृप्त करते, हे नोंदवणे आवश्यक आहे.

संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा भेद अधिक स्पष्ट मांडता येतो. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली आणि अभिनवगुप्ताने ती आपल्या विवेचनात सामावून घेतली. तिचा गाभा असा की शोकाचा करुणरस होण्यासाठी त्यातील ‘हे माझे’, ‘हे परक्याचे’, ‘अमुक देशातले’, ‘अमुक काळातले’ ही विशेषणे गळून पडावी लागतात. उरतो तो निखळ शोक, ज्याचा आस्वाद घेता येतो आणि जो कोणत्याही कृतीची मागणी करत नाही. १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनात न. चिं. केळकरांनी मांडलेली ‘सविकल्प समाधी’ हीदेखील याच परिसरातली : वाचक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो, पण आपले स्वत्व सोडत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतच त्याचा आनंद असतो. मराठीत ‘करुणरसापासून आनंद का होतो’ यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. त्या आनंदानंतर वाचक काय करतो, हा प्रश्न सहसा विचारलाच गेला नाही; कलेच्या स्वायत्ततेच्या चौकटीत तो गैरलागू होता.

मदतीच्या क्षेत्रात तो गैरलागू नाही. तेथे प्रवास नेमका उलट दिशेने करावा लागतो. गळून पडलेली विशेषणे पुन्हा चिकटवावी लागतात : कोणते गाव, किती माणसे, कोणते औषध, कोणता रस्ता उघडा, कोणता अधिकारी जबाबदार. वेगाने पसरणारी प्रतिमा साधारणीकरणाच्या बळावर पसरते, आणि ज्या गुणामुळे ती पसरते तोच गुण तिला मदतीच्या कामी दुबळी करतो.

या दृष्टीने पाहता पुण्याच्या सार्वजनिक सभेचे दुष्काळविषयक लेखन महत्त्वाचे ठरते. १८७६-७८ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवून सरकारपुढे अहवाल मांडले. त्यांत अश्रू जवळजवळ नाहीत. पीकपाणी, भाव, कामावरील मजुरी आणि माणसांचे स्थलांतर आहे. १८९६-९७ मध्ये, टिळकांच्या प्रभावाखाली, सभेने आणखी एक पाऊल टाकले. दुष्काळसंहितेतील तरतुदी मराठीत आणून तिचे प्रतिनिधी ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेला तिचे हक्क सांगत फिरले. पनवेल तालुका तेव्हा कुलाबा जिल्ह्यातच मोडे. येथे मजकुराचा वाचक बदलला आहे. दूरच्या सुखवस्तू माणसाला पाझर फुटावा यासाठी हे लिहिलेले नाही. ज्याचे पोट जळते आहे त्याच्याच हातात ते ठेवलेले आहे. सरकारला याचा अर्थ बरोबर कळला. मार्च १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली. दयेच्या एखाद्या आवाहनावर अशी कारवाई झाली असती, असे वाटत नाही.

याचा अर्थ प्रतिमा सर्वस्वी निष्फळ असते असा घेऊ नये. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात तीच दुष्काळसंहिता सरकारने अधिकृतपणे लागूच केली नाही, कारण दुष्काळ मान्य केला की जबाबदारी मान्य करावी लागते. ऑगस्ट १९४३ मध्ये कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने रस्त्यांवर मरणाऱ्यांची छायाचित्रे छापली आणि हा नकार लंडन-दिल्लीच्या पातळीवर टिकवणे कठीण झाले. ऑक्टोबरात आलेले नवे व्हाइसरॉय वेव्हेल यांनी मदतकार्यात सैन्य उतरवले. तोवर लाखो माणसे दगावली होती. सुमारे १५ लाख मृत्यू हा सरकारी चौकशी आयोगाचा अंदाज. नंतरच्या संशोधकांनी तो ३० लाखांच्या घरात नेला. त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या ‘इप्टा’ने गाणी-नाटकांतून निधी जमवला आणि मराठीत अण्णा भाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. मुंबईच्या गिरणगावातील कामगाराला बंगालचा शेतकरी आप्त वाटावा, हे त्या पोवाड्याचे कार्य होते, आणि पोवाडा हा प्रकार त्यासाठी योग्य होता, कारण तो समोर जमलेल्या समूहापुढे गायला जातो. ऐकणाऱ्याला आपल्या शेजारी कोण उभे आहे ते दिसते. पण मदतयंत्रणा हलली ती छायाचित्रांनी. ती परिणामकारक ठरली याचे कारण त्यांतील करुणा नव्हे. त्यांनी एका विशिष्ट शासनाचा विशिष्ट खोटेपणा उघडा पाडला, आणि त्या शासनाला दुसरीकडे कोठे तरी उत्तर द्यावे लागत होते.

अलीकडच्या उदाहरणांकडे या अनुभवातून पाहिले तर त्यांचे यशापयश तितकेसे गूढ राहत नाही. मार्च २०१२ मध्ये युगांडातील बंडखोर नेता जोसेफ कोनी याच्याविरुद्ध एका अमेरिकी संस्थेने तयार केलेली अर्ध्या तासाची चित्रफीत सहा दिवसांत सुमारे १० कोटी वेळा पाहिली गेली. त्याच महिन्यात उत्तर युगांडातील लिरा येथे ती दाखवली गेली, तेव्हा ज्यांचे दुःख त्यात होते तेच लोक संतापले. त्यांच्या दुःखाची ती प्रत त्यांना ओळखता येईना. पुढच्या महिन्यात शहरोशहरी भित्तिपत्रके लावण्याचा जो कार्यक्रम योजला होता त्याला तुरळक प्रतिसाद मिळाला. कोनी सापडला नाही, आणि २०१७ मध्ये अमेरिका व युगांडा या दोघांनीही शोधमोहीम आवरती घेतली. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियातील चिबोक येथून पळवलेल्या २७६ मुलींसाठी जगभर घोषवाक्य फिरले. त्यांतील मोठ्या गटांची सुटका २०१६ व २०१७ मध्ये झाली ती पडद्याआडच्या वाटाघाटींतून. मे २०२४ मध्ये राफाविषयीचे जे चित्र चार कोटींहून अधिक लोकांनी पुढे पाठवले ते कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले होते. त्यात तंबूंच्या रांगांची अक्षरे होती, आणि एकही मनुष्य ओळखू येत नव्हता. साधारणीकरण याहून पुढे जाऊ शकत नाही. लुक बोल्तांस्की या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९९३ मध्येच दाखवले होते की दूरच्या दुःखाच्या प्रेक्षकाला मुख्यतः बोलण्याचीच कृती उपलब्ध असते. ते बोलणे कोणासमोर आणि कोणाविरुद्ध, हा प्रश्न मात्र त्यातून सुटत नाही. त्याचे उत्तर प्रत्येक आवाहनाला स्वतःच शोधावे लागते.

ही चर्चा पनवेलजवळच्या करंजाडे येथे आणली की दूर आणि जवळ या शब्दांचाच फेरविचार करावा लागतो. नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनावर १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण परिसरात गोळीबार झाला आणि पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. करंजाड्यातील कित्येक इमारती अशा भूखंडांवर उभ्या आहेत. नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावे उठली त्यांतील काहींचे पुनर्वसनही वडघर-करंजाडे परिसरातच झाले. विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले.

येथे सदनिका घेऊन आलेल्या नव्या रहिवाशाला राफाचे चित्र आणि आपल्या इमारतीखालच्या जमिनीचा इतिहास यांत अधिक परिचित कोणते, याचे उत्तर अनुकूल येईलच असे नाही. १९८४ च्या आंदोलनाचे साहित्य म्हणजे सभांतील भाषणे, निवेदने, सातबाऱ्याचे उतारे आणि मोबदल्याचे दर. ते देशभर पसरण्याजोगे नव्हते आणि पसरलेही नाही. त्यात प्रत्येक गटाचा क्रमांक होता, आणि सिडकोच्या कार्यालयात ज्या टेबलावर तो ठेवायचा ते टेबल कोणते, हे शेतकऱ्यांना ठाऊक होते.