मायक्रोवेव्हमध्ये भाजी गरम, मग बर्फ गोठलेलाच का?

पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण असते. हा झाला विद्युत द्विध्रुव. एकसमान विद्युत क्षेत्रात त्याच्या दोन टोकांवर समान पण उलट बल लागतं. म्हणून तो सरकत नाही, वळतो.

क्षेत्राच्या दिशेत (० अंश) तो स्थिर समतोलात असतो: थोडा हलवला तरी परत येतो. बरोबर उलटा (१८० अंश) असतानाही समतोल असतो, पण अस्थिर. जरा धक्का लागला की गिरकी घेतो.

मायक्रोवेव्हमधलं क्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तनं करतं. रेणूंना समतोल साधताच येत नाही. शेजाऱ्यांशी धडकून ते उष्णता निर्माण करतात. बर्फातले रेणू मात्र जखडलेले असतात. म्हणून फ्रोझन पदार्थ कडेला तापतो, मध्ये गोठलेला राहतो. अशा वेळी डीफ्रॉस्ट मोड वापरा.