मेंदूतील कोठार

मेंदूचा कारभार केवळ विद्युत्प्रवाहावर चालतो की त्यात रसायनांचाही हात असतो, हा वाद १९६० च्या सुमारापर्यंत शास्त्रज्ञांत चालू होता. त्याचा निर्णय करणाऱ्या पुराव्यांत आपल्या सर्पगंधेच्या मुळीचाही वाटा आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

आपले वैद्य ही मुळी उन्मादावर फार पूर्वीपासून देत आले. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब या दोन्ही विकारांवरील तिचा गुण प्रसिद्ध केला. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव इंग्लंडातील वैद्यकीय नियतकालिकात मांडला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. औषध लागू पडते हे दिसले. ते मेंदूत काय करते हे मात्र गूढच राहिले.

१९५५ साली अमेरिकेत ब्रॉडी, शोअर व प्लेचर यांस आढळले की, रेसर्पिनने सशाच्या मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो. पुढे नॉरॲड्रेनलिन व डोपामिन यांचीही तीच गत दिसून आली. १९५७ साली स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी रेसर्पिनने निश्चल झालेल्या प्राण्यांस डोपामिनचे पूर्वद्रव्य एल-डोपा टोचले, आणि ते पुन्हा हिंडूफिरू लागले! कोठार रिते झाले, तेव्हाच त्याचे महत्त्व कळले.

पण हे कोठार भरते कसे? १९६१ साली डेंगलर, स्पीगेल व टायटस यांनी मांजराच्या मेंदूचे पातळ काप किरणोत्सर्गी नॉरॲड्रेनलिनच्या द्रावात ठेवले. कापांतील त्याचे प्रमाण भोवतालच्या द्रावाहून अधिक झाले. अर्थात मेंदू ते द्रव्य ओढून घेत होता. त्याच वर्षी हर्टिंग व ज्यूलियस ॲक्सेलरॉड यांनी शरीरातील इतर मज्जातंतूंवर प्रयोग करून दाखविले की, तंतू संदेशासाठी सोडलेले द्रव्य स्वतःच परत घेतो. परत आलेले द्रव्य तंतूच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत साठते. रेसर्पिन या पिशव्यांची वाट अडविते, आणि बाहेर राहिलेले द्रव्य तंतूतील विकरांकडून नष्ट होते.

ॲक्सेलरॉड १९७० साली, तर कार्लसन २००० साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. नैराश्यावरील कित्येक औषधे आज हे परत घेणे रोखूनच काम करतात.

मुळीचा गुण आपल्या परंपरेने जपला. त्याचे कारण परदेशच्या प्रयोगशाळांनी शोधले. ‘हे आमच्याकडे पूर्वीच होते’ असे म्हणताना या उत्तरार्धाचा विसर पडू नये, इतकेच आम्हांस वाटते.